खुर्चीवरचा धोटा

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी मुख्याध्यापक सरांचा मेसेज आला तेव्हा मी डबा भरत होते. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या ज्येष्ठ शिक्षिका शेख मॅडम यांचे आज पहाटे निधन झाले. आज शाळेस सुट्टी राहील.’ त्याखाली भराभर जोडलेले हात येत गेले. मीही पाठवले, सगळ्यांसारखेच. कुठे गेल्या, कशाने गेल्या, आत्ता कुठे आहेत... हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला, चपात्या कागदात गुंडाळल्या, डब्याचं झाकण दाबून लावलं, आणि मग लक्षात आलं की आज डबा न्यायचाच नाहीये.

शेख बाईंना हे आवडलं नसतं. जोडलेल्या हातांबद्दल त्या काही बोलल्या नसत्या, पण ‘कुठं’ हे न विचारल्याबद्दल नक्की बोलल्या असत्या. का, ते पुढे सांगते.

शाळेत आम्ही सगळ्या ‘मॅडम’. शेख बाई तेवढ्या ‘बाई’. तसं म्हणायला त्यांनीच मुलांना लावलं होतं. मॅडम म्हटलं की पोरं लांबून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. दुसरीचा अ वर्ग त्यांचा, ब वर्ग माझा. मध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे, आणि त्याची एक फळी कधीतरी निखळून गेलेली आहे. त्या फटीतून मी त्यांना जितकं पाहिलं, तितकं समोर बसून पाहिलं नसेल. समोर बसलं की मला बोलावं लागायचं, आणि मला बोलायला वेळ लागतो.

शेवटचं पाहिलं तेही फटीतूनच. ही बातमी आली त्याच्या तीन-चार दिवस आधी, जोडून सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी. गणिताचा तास चालू होता. बाई फळीजवळ आल्या. साडीच्या पदराची मूठ छातीशी धरलेली, ओठांचा रंग उतरलेला. म्हणाल्या, “हाय मॅडम, जरा इकडं कान ठेव गं. आलेच मी.” मी मान हलवली. काय होतंय, असं विचारायला हवं होतं हे मान हलवून झाल्यावर सुचलं, तोवर त्या वळल्या होत्या. दाराशेजारच्या खिळ्यावरून त्यांनी धोटा काढला, परत आत येऊन आपल्या खुर्चीवर ठेवला, आणि गेल्या. दार ओढून घेतल्याचाही आवाज झाला नाही. त्यांच्या वर्गात बाई नव्हत्या आणि वर्ग गणितं करत होता. माझ्या वर्गात मी होते आणि मागच्या दोन बाकांवर कुस्ती चालली होती.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा वाहून नेणारं लाकूड. हातभर लांबीचं, होडीसारखं, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. सोलापुरात तो काय असतो हे कुणाला सांगावं लागत नाही, पण शाळेच्या वर्गात तो काय करत होता हे सांगायला हवं. कुण्या पालकाने मोडीत निघालेल्या मागाचा धोटा बाईंना दिला होता. बाईंनी त्याच्या चोची सुताने गुंडाळून बोथट केल्या आणि तो खिळ्याला टांगला. वर्गातून ज्याला बाहेर जायचं, पाणी प्यायला, लघवीला, ऑफिसात, त्याने विचारायचं नाही, करंगळी दाखवायची नाही. उठायचं, धोटा काढायचा, आपल्या जागेवर ठेवायचा आणि जायचं. परत आलं की टांगायचा. धोटा खिळ्यावर नसेल तर कुणीतरी बाहेर आहे, तोवर थांबायचं. बस्स. एका नजरेत कळायचं की कोण बाहेर आहे आणि तो परत येणार आहे. बाई स्वतःसुद्धा सही करायला ऑफिसात निघाल्या तरी धोटा आपल्या खुर्चीवर ठेवून जायच्या. एकदा विसरल्या, तर पहिल्या बाकावरच्या अंबिकाने दारापर्यंत पळत जाऊन अडवलं होतं. “बाई, धोटा न्हाय ठेवला की!” आणि बाई कान धरून परत आल्या होत्या.

मी या शाळेत आले ती शाळा सेमी-इंग्रजी झाली म्हणून. इंग्रजी बोलणारी माणसं हवी होती, आणि मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. बोलते किती, हे मुलाखतीत कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडला. आमच्या शाळेत ‘प्रेझेंट मिस’ म्हणायचो, इथे ‘हजर’ म्हणत असतील अशी माझी समजूत. पहिलं नाव घेतलं. मुलगी उभी राहून खणखणीत म्हणाली, “हाय!” मला इतकं बरं वाटलं. वाटलं, किती मोकळी मुलं आहेत. मी हात हलवून हसून म्हणाले, “हाय!” दुसरं नाव. “हाय!” मीही, “हाय!” चौथ्या-पाचव्या मुलापर्यंत मी सगळ्यांना हात हलवत होते आणि वर्ग बाकांवर लोळायला लागला होता. मग एका मुलाने दोन्ही हात हलवून “हाय हाय हाय” केलं आणि पुढे काही माझ्या हातात राहिलं नाही.

फळीच्या फटीत बाईंचा चेहरा दिसला. त्या पलीकडून फिरून माझ्या वर्गात आल्या, मुलांकडे पाहिलंही नाही, खडूने फळ्याच्या कोपऱ्यात सावकाश एक गोल काढायला लागल्या. गोल पुरा व्हायच्या आत वर्ग गप्प झाला होता. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, “पोरी, ते हॅलोवालं हाय न्हवं. हाय म्हंजे आहे. हितं हाय मी, असं सांगतायत तुला.”

मला कळायला हवं होतं. करकंबला माझे मामा असंच बोलतात. पण आईने लहानपणापासून ‘आहे म्हण, नाही म्हण’ असं घोकून घेतल्यामुळे ते शब्द माझ्या कानापर्यंत येऊन बाहेरच थांबायचे. त्या दिवसापासून मी ‘हाय मॅडम’ झाले. आधी बाईंची, मग स्टाफरूमची, मग मुलांचीही. मी घरी येऊन रडले होते, हे बाईंना कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक असावं, कारण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डब्यातला शिरखुर्मा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “नाव पडलं म्हंजे पोरांनी ठेवून घेतलं तुला. ज्याला नाव पडत न्हाय त्याचं अवघड असतं.”

पुढचे काही महिने मी रोज घसा बसवून घरी जात होते. शिकवणं मला येत होतं, वर्ग येत नव्हता. मुलं पेन्सिल मागायला उठायची, त्यावरून भांडण, त्यावरून रडणं, तोवर तिघांना एकदम लघवी. मी “शांत बसा” म्हणायचे, मग मोठ्याने म्हणायचे, मग इंग्रजीत म्हणायचे. बाई एके दिवशी म्हणाल्या, “शांत बसा ही काय शिकवायची गोष्ट हाय का? ते पोरांनी काय करायचं सांग की. हात कुटं, पाय कुटं, पुस्तक कुटं.” मग म्हणाल्या की पुढचे पंधरा दिवस धडा शिकवू नकोस. यायचं कसं, चपला कुठे, बसायचं कसं, मागायचं कसं, संपलं की काय करायचं, एवढंच शिकव. चुकलं की ओरडायचं नाही, परत करून घ्यायचं. चिडून नाही, पाढा परत म्हणून घेतो तसं. मी हे केलं. मुलांना दारातून आत यायचं पाच वेळा शिकवलं, आणि सहाव्यांदा ती आली तेव्हा मीच घाबरले, इतकी शांत आली. टोक केलेल्या पेन्सिलींचा एक डबा खिडकीत ठेवला. बोथट टाकायची, टोकदार घ्यायची, विचारायचं नाही. दोन पालक तक्रार घेऊन आले की मॅडम पुस्तकच उघडत नाहीत. बाई मध्ये पडल्या. “अहो, तुमी माग लावताना आधी ताणा लावता का न्हाय? लगेच चादर निघती का?” पालक हसत गेले. मी मागे उभी राहून नुसती मान हलवत होते. मान हलवणं हे माझं काम, असं बाई म्हणायच्या.

पण या सगळ्यांत त्यांची खरी रीत हजेरीची. ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नाव घेतलं की मूल ‘हाय’ म्हणे. त्यांच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी होती, दखनी बोलणारी होती, अक्कलकोटकडची कानडी होती, आणि हा एक शब्द सगळ्यांच्या तोंडात सारखा बसायचा. पण गैरहजर मुलाचं नाव आलं की बाई खाली रेघ मारून पुढे जात नसत. थांबत. मग बाकावरच्या शेजाऱ्याने उभं राहायचं आणि त्याच्या वतीने सांगायचं. नुसतं ‘न्हाय’ चालायचं नाही. कुठे आहे तेही सांगायचं.

“न्हाय बाई. मंद्रूपला बाजारला गेलाय, आज्यासंगं.”

“न्हाय बाई. कांजण्या.”

“कांजण्या हे काय गाव हाय व्हय? कुटं हाय ते सांग.”

“घरी हाय. बाजेवर. लिंबाचा पाला घातलाय.”

आणि शेजाऱ्याला ठाऊक नसेल तर? तर त्याने शाळा सुटल्यावर त्या घरी जाऊन विचारून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. शेजारी बसायचं म्हणजे एवढं करायचं. सगळी नावं झाली की वर्ग एका सुरात विचारायचा, “बाई?” आणि बाई हजेरीपट मिटत म्हणायच्या, “हाय!” मग दिवस सुरू व्हायचा.

मी एकदा धीर करून विचारलं, ही पद्धत कुठून आली. डीएडला आमच्याकडून वर्गव्यवस्थापनाचे मुद्दे पाठ करून घेतले होते, त्यांत ही कुठे नव्हती. बाई डब्यातली भाकरी मोडत म्हणाल्या, “आमच्या घरातनं.” त्यांचे वडील ट्रक चालवायचे. आठ-आठ दिवस घरी नसत. रात्री जेवायला बसताना आई सगळ्यांची नावं घ्यायची, आणि वडिलांचंही घ्यायची. ‘अब्बा?’ मुलांनी ‘नहीं’ म्हटलेलं तिला खपत नसे. कुठे, ते सांगायचं. हुमनाबादच्या पुढे. विजापूरच्या नाक्यावर. अंदाजाने का होईना, पण सांगायचं. “एकदा लई दिवस गेले,” बाई म्हणाल्या, “आणि कुणालाच सांगता येईना. अम्मा नाव घ्यायची, आणि आमी ताटात बघायचो. पुढं आले ते. अॅक्सल तुटला होता. पण ते दिवस... माणूस न्हाय असं काय नसतंच गं. हितं न्हाय, एवढंच. कुटंतरी असतंच की.”

धोट्याचा आणि हजेरीचा संबंध मी एकदाच पाहिला. सिद्धू नावाचा एक बारका मुलगा शेवटच्या तासाला धोटा बाकावर ठेवून नळावर गेला आणि तिथेच ओकला. शिपायाने त्याला परस्पर घरी पोचवलं. शाळा सुटली, धोटा त्याच्या बाकावरच राहिला. मी टांगायला गेले तर बाई म्हणाल्या, “राहू दे.” दुसऱ्या दिवशी हजेरीत सिद्धूचं नाव आलं तेव्हा शेजारची अंबिका उठली. “न्हाय बाई. घरी हाय, ताप आलाय.” मग तिने त्याच्या बाकावरचा धोटा उचलला आणि खिळ्याला लावला. मी नंतर बाईंना म्हटलं, कालच लावला असता तर? “न सांगता कसा उचलायचा?” त्या म्हणाल्या. “न सांगता उचलला की ते पोरगं हरवलं.”

हे सगळं मला माहीत होतं. तरी ते माझ्यापुढे येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं.

सुट्टीनंतर शाळा भरली. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक सरांनी सांगितलं, “आपल्या लाडक्या शेख बाई आपल्याला सोडून गेल्या आहेत.” दोन मिनिटं शांतता झाली. बाईंच्या जागी कुणी येईपर्यंत दोन्ही वर्ग माझ्याकडे. शिपायाने पार्टिशन सरकवलं आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलापासून तो वर्ग मला पूर्ण दिसला. चपला दाराबाहेर जोडीने, तोंडं बाहेरच्या बाजूला. फळ्याच्या कोपऱ्यात बाईंचा अर्धवट पुसलेला गोल. खुर्चीवर धोटा.

मी माझ्याच टेबलाशी बसून त्यांची हजेरी घेतली. सगळे ‘हाय’ होते, एकही गैरहजर नाही. शेवटचं नाव झालं. आणि सगळ्या वर्गाने एका सुरात विचारलं, “बाई?”

मी हजेरीपटाकडे पाहत राहिले. मी म्हणाले, “गणिताची पुस्तकं काढा,” आणि त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी परत तेच. “बाई?” मी पुस्तकं काढायला सांगितली. त्यांनी काढली. कुणी रडत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. मला वाटलं, हळूहळू सुटेल ती सवय. वर्ग इतका शिस्तीत होता की सर दारातून पाहून म्हणाले, “बघा, बाईंची पुण्याई.” माझ्या मुलांपैकी कुणी ना कुणी सारखं उठून विचारायचं, पाणी, लघवी, पाणी. बाईंच्या वर्गातलं मधल्या सुट्टीशिवाय कुणीच उठत नव्हतं. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

आठवडा संपत आला असताना सिद्धूची चड्डी बाकावर ओली झाली. तो मान खाली घालून बसला होता. माझ्या वर्गातलं कुणीतरी खिदळलं. बाईंच्या वर्गातलं कुणीच हसलं नाही. अंबिका आपली पाण्याची बाटली त्याच्या पायाशी ओतत होती, म्हणजे सांडलेलं पाणी वाटावं. मी त्याला शिपायाच्या हाती दिलं आणि परत येऊन विचारलं, “सांगायचं नाही का? जायचं होतं तर जायचं ना.”

अंबिका म्हणाली, “कसं जाणार मॅडम? धोटा मोकळा न्हाय की.”

खुर्चीवर धोटा होता. बाई बाहेर गेलेल्या होत्या. त्या आत येईपर्यंत दुसऱ्या कुणी बाहेर जायचं नाही, अशी रीत होती. आणि ती मोडायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी माझी लाकडी पट्टी पुढे केली, म्हटलं, तोवर ही ठेवून जात जा. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझा मान ठेवायचा म्हणून एकाने ती बाकावर ठेवलीही, आणि मग जागचा हलला नाही. सर ऑफिसात म्हणाले, “अहो मॅडम, उचलून टाका तो धोटा. लहान मुलांचं काय मनावर घेता.” मी वर्गात आले. खुर्चीजवळ गेले. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. धोट्याचं लाकूड कडेला हाताळून हाताळून काळंभोर झालेलं... मला उचलता आला नाही. मी उगाच खुर्चीची पाठ झटकल्यासारखं केलं आणि परत फिरले.

“अंबिका,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. “तुम्हाला सांगितलंय ना सरांनी? बाईंचं काय झालं ते?”

“व्हय की. आमाला म्हाईत हाय मॅडम,” ती म्हणाली. जरा चिडूनच म्हणाली. “आमच्या घरी पण आज्जी गेली. पण बाईंचं हजेरीत कुणी सांगितलं न्हाय.” मग मला समजावून सांगावं तशी म्हणाली, “शेजाऱ्यानं सांगायचं असतं. बाईंच्या शेजारी तुमीच हाय न्हवं का?”

मध्ये एक निखळलेली फळी, एवढंच अंतर. शेजारी मीच होते.

पण मला काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं. त्या गेल्या, इतकंच ठाऊक होतं. कुठे, ते नाही. मी त्यांच्या घरी गेले नव्हते. कुणाकडे तरी जाऊन बसायचं, काय बोलायचं, त्यांच्यात काय रीत असते, डोक्यावर ओढणी घ्यायची की नाही... या विचारात दिवस जात गेले, आणि जितके गेले तितकं जाणं अवघड झालं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र गेले. रीत होती, माहीत नसेल तर जाऊन विचारून यायचं.

विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एक गल्ली, दारात टेम्पो लावलेला. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. दार भावानेच उघडलं. थोराड माणूस, डोळे अजून सुजलेले. मी शाळेतून आलेय, एवढं कसंबसं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुम हाय मॅडम क्या?”

मी मान हलवली.

“आपा बोलतीच थी,” ते म्हणाले, “मान हिलाती करके.” आणि हसायला जाऊन त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. मग मराठीत बोलले. छातीत दुखत होतं तरी रिक्षाने एकट्याच दवाखान्यात गेल्या होत्या. दोन दिवस बऱ्या होत्या. नर्सला विचारत होत्या, शाळा कधी, पोरं थांबली असतील. भाऊ म्हणाले, “मी म्हटलं, कोण थांबतंय आपा, सुट्ट्या घे की. तर म्हणली, तुला न्हाय कळायचं.”

बाईंच्या भावजयीने चहा आणला. मी कप हातात धरून बसले. समोर भिंतीवर बाईंचं काहीही नव्हतं. फोटो नाही, काही नाही. कोपऱ्यातल्या खुंटीवर फक्त त्यांची शाळेची पिशवी. चहावर साय धरली. मग मी विचारलं. आयुष्यात इतकं सरळ मी कुणाला काही विचारलं नव्हतं. “बाई कुठे आहेत?”

त्यांना कळलं. त्यांच्याही घरातलीच रीत होती ती. “मंद्रूपला,” ते म्हणाले. “अब्बांच्या शेजारी जागा होती.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या वर्गाची हजेरी त्यांच्या टेबलाशी उभी राहून घेतली. नावं झाली. सिद्धूही ‘हाय’ म्हणाला, खाली बघत. शेवटचं नाव झालं.

“बाई?”

आई म्हणते तसं ‘नाहीत’ म्हणावं असं जिभेवर आलं होतं. पण त्या वर्गात तो शब्द कुणी वापरत नव्हतं.

“न्हाय,” मी म्हणाले. वर्ग वाट पाहत होता. नुसतं न्हाय चालत नाही. “मंद्रूपला हायत... अब्बांच्या शेजारी. जमिनीत. परत यायच्या न्हायत.”

अंबिकाने माझ्याकडे पाहून हळूच हनुवटी खुर्चीकडे केली. मी धोटा उचलला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. दारापर्यंत गेले आणि खिळ्याला लावला. मागे एक मुलगी रडायला लागली, मग दुसरी, मग बहुतेक सगळा वर्ग. इतके दिवस धरून ठेवलेलं असावं ते. माझ्या वर्गातली मुलं न हसता पाहत राहिली. मी फळ्याच्या कोपऱ्यात गोल काढला नाही. रडणं संपेपर्यंत थांबले. थांबायचं कसं, हे बाईंनी शिकवलं होतं.

मग सिद्धू उठला. डोळे पुसत दारापाशी गेला, टाचा उंचावून धोटा काढला, परत येऊन आपल्या बाकावर ठेवला, आणि बाहेर पळाला.

आता त्या वर्गाला नव्या मॅडम आल्या आहेत. पार्टिशन परत लागलं आहे, फळी अजून निखळलेलीच आहे. एक धोटा मी माझ्या वर्गालाही मिळवला, अंबिकाच्या वडिलांनी दिला. चोचींना सूत मीच गुंडाळलं, बाईंइतकं घट्ट जमलं नाही. ऑफिसातून बोलावणं आलं की मी तो खिळ्यावरून काढते आणि खुर्चीवर ठेवते. मुलं बघतात आणि परत वहीत डोकं घालतात.

‘आलेच’ मात्र मी म्हणत नाही.